माहेरचा अंगठा

…आणि वर मलाच विचारतो, “तायडे, पोचलं ना गं सगळं नीट?”

नीट! अरे, नीट म्हणजे काय असतं ते तुला जन्मात कधी कळलंय का रे? तुम्हाला सांगते, मी फोन असा डोळ्यांपुढे धरलाय, मान उजवीकडे वाकडी केली, काही कळेना, डावीकडे केली, तरी कळेना, म्हटलं मान राहू दे, फोनच फिरवू, तर फोटो माझ्याहून हट्टी, मी फिरवला की तोही फिरतो आणि पुन्हा आडवा तो आडवाच! आणि दिसतंय काय त्यात? तर पट्टी बांधलेला हा एवढा कणसासारखा अंगठा, स्टिअरिंगचा तुकडा, धाकट्याची एक नाकपुडी, आणि कोपऱ्यात, नको असलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून उभा राहिलेला… कागद! असे एकावर एक, एकावर एक, फोन नुसता टिंगटिंग टिंगटिंग. सगळ्यांत अंगठा. सगळ्यांत नाकपुडी. मला सांगा, कागद असा पाठवतात का हो माणसं?

तुम्ही म्हणाल, आजीबाई, फोटोच तो, आडवा काय नि उभा काय. तसं नाही हो! त्या कागदांवर माझ्या भावाची नोकरी लटकलेली. धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ, मालट्रक चालवतो, एकाच कंपनीत केस पांढरे झाले त्याचे. आणि त्या कंपनीनं त्याला काढून टाकलं. का? तर माल चढवताना ट्रकचा फाळका, म्हणजे मागची ती लोखंडी फळी, पडली आणि ह्याचा अंगठा चेमटला. आता मॅनेजर म्हणतो, “तेवढं निमित्त करून हा गाडी वाटेत सोडून घरी पळाला, गाडी पुढे दुसऱ्यानं नेली!” आणि धाकटा म्हणतो, “तायडे, तुझ्या गळ्याची शपथ, पट्टी बांधली आणि तसाच गाडी हाकत गेलो.” गळा माझाच बरा सापडतो त्याला! मग पुरावा काय, तर वाटेत वजनकाटे लागतात, गाडी काट्यावर चढवायची, वजन करायचं, पावती घ्यायची, पावतीवर तारीख, गाडीचा नंबर, सगळं. आणि हा प्रत्येक काट्यावर गाडीत बसल्या बसल्याच पावतीचा फोटो काढून ठेवायचा. त्या पावत्या पाठवायच्या होत्या वकिलाला. आणि वकील कोण? माझी सून!

तिथंच सगळा घोळ आहे बघा. परका असता तर मी पोट धरून हसले असते. हसतच होते की इतके दिवस!

कारण सुनेचं ऑफिस आमच्या घरातच, पुढच्या खोलीत. टेबल तिचं, कोपऱ्यातली खुर्ची माझी. मी तिथं बसून भाजी निवडते, ती अशिलांशी बोलते. मला अक्षरओळख नाही, पण माणूस वाचता येतो, आणि अशिलांचे फोटो तर काय, वाचायला लागतच नाहीत, बघूनच करमणूक! एक सुतार आहे, त्यानं करारनाम्याचा फोटो काढला, तो मुलीच्या फोनवर पाठवला, मग त्या फोनचा आपल्या फोननं फोटो काढला आणि तो सुनेला पाठवला. काचेत सुताराचं बनियन स्पष्ट, एकेक भोक मोजून घ्या, करार मात्र दिसत नाही! एक बेकरीवाला आहे, तो चालता चालता फोटो काढतो, कागद असा धुक्यात गेल्यासारखा. एक मुख्याध्यापिकाबाई, शिकलेल्या हो, शाळा चालवतात, त्यांनी आख्ख्या फायलीचा व्हिडिओच काढून पाठवला, पानं अशी फरफरफर उलटतायत, पंख्यासमोर ठेवल्यासारखी, आणि मागून आवाज, “दिसतंय ना मॅडम? दिसतंय ना?” एकानं तर कागद वाचूनच पाठवला, आपल्या आवाजात, आणि मागे कुत्रं भुंकतंय, तर कलम कुठलं आणि कुत्रं कुठलं ते सून तीनतीनदा ऐकतेय बिचारी. आणि तो एक दुकानदार! कुलूप लावून फाइल पाठवतो. सून विचारते, “अहो, पासवर्ड काय?” तर म्हणतो, “नेहमीचाच!” नेहमीचा! अरे, तुझ्या घरचा नेहमीचा आमच्या घरी कुठून येणार?

मी मोठ्यांदा म्हणायची, “सूनबाई, कागद असा पाठवतात का गं माणसं?” आणि सून हसायची, म्हणायची, “आई, हळू, फोन चालू आहे.”

बरं, नुसती हसून थांबले असते तर निभावलं असतं. पण जिभेला हाड नाही ना माझ्या! मी वर तिला माहेर ऐकवायची. आमच्या वडिलांची लॉन्ड्री होती. म्हणजे काय विचारता, शर्ट असा घडी करून द्यायचे, की गिऱ्हाइकाला घालू नये वाटे! कपाटात ठेवून बघत बसावं! कपडा कसाही बोळा करून आणा, कोपऱ्यात फेका, पिशवीत कोंबून आणा, आमच्या वडिलांचं एकच म्हणणं, “माल आला तसाच परत गेला, तर ती आपली लाज.” सुरकुती म्हणजे आमच्या घराण्याची बेअब्रू! मी सुनेला सारखी सांगायची, “आमच्या माहेरी रुमालसुद्धा चुरगळलेला मिळायचा नाही.” ती म्हणायची, “हो आई.” किती वेळा म्हणाली असेल बिचारी, मीच विसरले.

आणि अशा त्या माहेराहून… नाकपुडी आली हो!

लाजेनं माझं तोंड असं एवढंएवढं झालं. फोटो आले माझ्याच फोनवर, कारण ह्याला सुनेचा नंबर सापडेना, म्हणे “तायडे, तू दे तिला दाखवून.” दाखवू काय, कपाळ? म्हटलं पुसून टाकते आणि त्याला चार शब्द सुनावून पुन्हा मागवते, माहेरची झाकली मूठ झाकलेली राहू दे. तर पुसायला गेले आणि कुठं बोट लागलं देव जाणे, सगळेच्या सगळे फोटो समोर बसलेल्या सुनेच्या फोनवर! तिचा फोन टिंगटिंग टिंगटिंग. मी घाबरून पुन्हा दाबलं. पुन्हा टिंगटिंग! तिनं फोन उचलला, मान उजवीकडे केली, मग डावीकडे केली. मी खाली मान घालून शेंगा मोडतेय. वाटलं, आता म्हणेल, आई, हेच का तुमचं माहेर? पण नाही हो, एक अक्षर नाही! नुसतं एवढंच, “मामांचा अंगठा बराच सुजलाय, नाही?” बोलली असती तर बरं झालं असतं. न बोलणारी सून फार भारी पडते, लिहून ठेवा!

मग तिनं फोन लावला त्याला. “मामा, फोटोंवर नाही भागायचं. नंबर सगळे अंगठ्याखाली गेलेत. समोरचा वकील मूळ पावत्या मागणार. मूळ पावत्या नीट पाकिटात घालून पाठवा.”

“पाठवतो ना! आत्ता पाठवतो! पाकिटात म्हणजे पाकिटातच!”

आलं ते पाकीट. पाकीट कसलं, दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या हातून जेवणाचा जुना डबा आला! तो ड्रायव्हर दारात उभा, डबा पुढे करून म्हणतो, “दादांनी दिलाय, जपून द्यायला सांगितलंय, वाटेत उघडला नाही.” उघडला असतास तरी काय, भूक मेली असती तुझी! सून बाहेर कामाला गेलेली. मी झाकण काढलं… अहो! आत पावत्यांच्या गोळ्या! शेंगदाण्याच्या पुड्या असतात ना, तशा चुरगळून, पिरगाळून, खिशात घामानं भिजून वाळलेल्या, एकीला वंगण, एकीला लोणच्याचा नाही तर कशाचा तरी डाग. मी एक सोडवून बघितली तर ती आपसूक पुन्हा मिटली, लाजाळूसारखी! तीसुद्धा लाजत होती हो, कागद असून!

आणि परवावर सुनावणी. आणि समोर बसणार कंपनीचा कडक कॉलरवाला वकील. आणि त्याच्यापुढे माझी सून माझ्या माहेरची ही असली बोचकी सोडणार! माझ्या डोळ्यांपुढे वडील आले. “माल आला तसाच परत गेला, तर ती आपली लाज.”

मी काय केलं असेन? सांगा बघू? लॉन्ड्रीवाल्याची लेक मी. दुसरं काय करणार?

इस्त्री काढली.

हसू नका! मला काय ठाऊक, त्या मेल्या पावत्या कसल्या कागदाच्या असतात! मी आपली मायेनं टेबलावर जाड टॉवेल अंथरला, एकेक पावती सोडवली, बोटानं कोपरे सरळ केले, अगदी लेकराचे केस विंचरावेत तशा ओळीनं मांडल्या, वर स्वच्छ चादर घातली, म्हणजे इस्त्रीचा डाग नको पडायला. बघा, काळजी किती! आणि मग अशी दाबून फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वडील फिरवायचे तशी, मध्ये न थांबता. हात अजून विसरला नाही हो! मनाशी म्हटलं, सूनबाई, आता ये आणि बघ, कागद कसा पाठवतात ते!

चादर उचलली.

काळ्या. सगळ्या. एकजात. अशा काळ्याकुट्ट की तव्याचं बूड लाजेल! अक्षर नाही, तारीख नाही, काही नाही. जळाल्या म्हणाव्यात तर जळक्याचा वास नाही, कागद धड, आणि इतका सपाट, इतका कडक, एक सुरकुती शोधून दाखवा! मी फुंकर मारून बघितली. ओल्या फडक्यानं पुसून बघितली. उलटी करून पाठीवर काही उतरलंय का तेही बघितलं. भावाची नोकरी, अहो, एवढ्या वर्षांची, आणि मी तिला सुतीवर कडक इस्त्री केली!

सून आली. मी तिथंच बसलेली, पुढ्यात काळ्या पावत्यांची ओळ. दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, दोन्ही विसरले. नुसतं म्हटलं, “चुरगळल्या होत्या गं.”

तिनं एक पावती उचलली. दिव्यापुढे धरली. खाली ठेवली. दुसरी उचलली. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, “आई, हा कागद उष्णतेनंच छापतात. शाई नसतेच यात. ऊन लागलं तरी काळा पडतो.”

“मग आता?”

“आता काय,” ती म्हणाली, “फोटो आहेत तेवढे.” आणि फोन घेऊन बसली. ते अंगठे, त्या नाकपुड्या, मान वाकडी करून एकेक फोटो बघत बसली. मी चहा ठेवला, तो गार झाला. मी दुसरा ठेवला. मध्येच ती एकदा स्वतःशीच “अच्छा!” म्हणाली आणि काहीतरी लिहिलं. मी विचारलं, “काय गं?” तर म्हणते, “काही नाही. आई, परवा तुम्हालाही यावं लागेल. पावत्या काळ्या का, हे कुणीतरी सांगायला हवं.”

कुणीतरी! कुणीतरी म्हणजे कोण, ते खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा कळलं असेल!

धाकट्याला मीच फोन केला. म्हटलं, “अरे, तुझ्या पावत्यांना मी इस्त्री केली.” मग म्हणतो, “तायडे, माझ्या लग्नाच्या शर्टाला तू इस्त्री केली नव्हतीस!” मला हसावं की रडावं कळेना. पण मग आवाज उतरला त्याचा. म्हणाला, “असू दे गं. नाहीच झालं काही तर बघू. या वयात कोण गाडी देणार मला, ते…” आणि फोन ठेवून दिला. तेवढं मला पुरलं. चार जणांत जोडे मारले असते तरी इतकं लागलं नसतं.

तर सुनावणी. कामगार कचेरीतली लांबट खोली, मध्ये टेबल, टेबलापलीकडे चष्मेवाले अधिकारी, या बाजूला आम्ही, त्या बाजूला मॅनेजर आणि त्याचा तो कडक कॉलरवाला वकील. कॉलर मात्र चांगली होती, खोटं कशाला बोलू. सुनेनं काळ्या पावत्या पुढे ठेवल्या. अधिकाऱ्यांनी एक उचलली, पुढून बघितली, मागून बघितली.

“हे काय आहे?”

“मूळ पावत्या, साहेब. माझ्या सासूबाई खुलासा करतील.”

मी उठले. सगळी खोली माझ्याकडे बघतेय. माझा आवाज म्हणजे पिठात पडलेली माशी! म्हटलं, “साहेब, मी इस्त्री केली.”

“काय केली?”

“इस्त्री, साहेब.”

“पावत्यांना?”

“चुरगळल्या होत्या, साहेब.”

तो टंकलेखन करणारा माणूस होता कोपऱ्यात, त्याची बोटंच थांबली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मुद्दाम केली?”

“मुद्दामच, साहेब. नीट दिसाव्यात म्हणून. चादर घालून केली.” चादरीचं कशाला सांगितलं मी? कुणी विचारलं होतं? पण घाबरलं की माणूस नको ते सांगतो. वर आणखी म्हणाले, “सुतीवर ठेवून केली, साहेब. कडक.” आणि हे सगळं लिहून घेतलं हो! कायमचं! आमच्या घराण्यात माझं नाव कागदावर चढलं ते हे असं!

मग कॉलरवाला उभा राहिला. “साहेब, पुरावा नष्ट झालाय, हे त्यांनीच कबूल केलं. आणि पावत्या असत्या तरी काय? पावतीवर गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हर कोण ते कुठं असतं? उरले हे फोटो. हे काय फोटो आहेत? आडवे, तिरके! प्रत्येक फोटोत हा भलामोठा पट्टी बांधलेला अंगठा! धड पावती कुठं दिसते? कागद असा देतात का?”

अगदी माझंच वाक्य हो! माझ्या तोंडचं! जमीन दुभंगेल तर बरं, असं मला झालं.

आणि माझी सून शांतपणे उठली. “साहेब, प्रत्येक फोटोत पट्टी बांधलेला अंगठा आहे, हे माझ्या विद्वान मित्रांनी स्वतःच सांगितलं. तेवढं लिहून घ्यावं.”

कॉलरवाला आपलेच कागद उलटेसुलटे चाळायला लागला. अधिकाऱ्यांनी फोटो ओढून जवळ घेतले. मान उजवीकडे केली. मग डावीकडे केली. मला एकदम माया आली त्यांची!

“अंगठा चेमटल्यावर हे गाडी सोडून घरी गेले, असं तुमचं म्हणणं,” ते मॅनेजरला म्हणाले. “मग हा पट्टीवाला अंगठा तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर काय करतोय? नंबर झाकला गेलाय, पण तारीख तर दिसतेय पावतीवर. आणि ही बघा पुढची. ही त्याच्या पुढची, पट्टी जास्त मळलेली. आणि हे…” त्यांनी चष्मा वर केला, “हे काय आहे?”

“नाकपुडी, साहेब,” धाकटा उठून म्हणाला. “माझी.”

मूळ पावत्या धड असत्या ना, तर गाडी कुठं कुठं गेली एवढंच कळलं असतं, गाडीत कोण बसलंय ते कळलं नसतं, असं सून मला परत येताना म्हणाली. मी म्हटलं, “म्हणजे मी इस्त्री केली ते बरंच झालं म्हणायचं?” तिनं माझ्याकडे असं बघितलं… मी खिडकीबाहेर बघायला लागले. माणसानं किती पुढे जावं याला काही आहे की नाही!

धाकट्याला परत घेतला कामावर. पण माझी सुटका नाही. सुतार आला की विचारतो, “आजी, करारनामा आणलाय, जरा फिरवून देता का?” मुख्याध्यापिकाबाई हळूच विचारतात, “त्याच ना ह्या?” आणि सुनेनं इस्त्री ठेवलीय वरच्या फळीवर, माझा हात पोचत नाही तिथं. बोलली काही नाही. नुसती ठेवली. मी आता कोपऱ्यात बसते, भाजी निवडते, कुणी कसलाही फोटो पाठवो, आडवा, उभा, धुक्यातला, कुत्र्याचा… तोंडातून शब्द काढत नाही. कोण कसा कागद पाठवतो, ज्याचं त्यानं बघावं.

परवा फोन वाजला. टिंग. कामावर परत घेतल्याच्या हुकमाचा कागद आला म्हणे धाकट्याला, त्यानं हौसेनं पहिला मला पाठवला. आडवा. मी मान उजवीकडे केली, मग डावीकडे केली. अंगठ्याची पट्टी सुटलेली, नख तेवढं काळं, माझ्या पावत्यांसारखं. लगेच त्याचा फोन, “तायडे, पोचलं ना गं सगळं नीट? वाचलंस?”

म्हटलं, “वाचायला मला येतंय कुठं रे? पण अंगठा आपल्या घरचा आहे, तेवढं ओळखलं.”